हुशार आहे, मग घाई कशाला?

संक्रांत झाली की रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू असतं. पूर्वी तिथे वाण काय दिलं याची चर्चा व्हायची. हल्ली त्याआधी 'तुमच्या छोटीला कुठे घातलं?' हा विषय निघतो. त्यातून मूल जरा चुणचुणीत असलं तर बघायलाच नको. चार वर्षांची पोर दुकानांच्या पाट्या वाचतेय म्हटल्यावर सगळ्याजणी एका सुरात सांगतात, "अहो, हिला केजीत कशाला ठेवता? एकदम पहिलीत घाला. वर्ष वाचेल."

वर्ष वाचेल! हे वाचलेलं वर्ष पुढे कुठल्या बँकेत जमा होतं, ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

मी २२ वर्षं बालवाडी चालवली. असं एखादं मूल दर दोन-तीन वर्षांनी यायचंच. त्यांच्या आयांची काळजी खोटी नसते, हे आधीच सांगते. ज्याला बाराखडी येते त्याला महिनाभर 'अ' गिरवायला बसवलं की ते कंटाळतं, शेजारच्याला चिमटे काढतं आणि मग बाईंची तक्रार येते की मूल वांड आहे. म्हणजे प्रश्न खरा आहे. पण त्यावर वरच्या वर्गात ढकलणं हेच उत्तर, असं का धरून चालायचं?

माझ्या भाचीच्या घरी सध्या हेच चाललंय. तिची लेक नोव्हेंबरमधली. येत्या जूनमध्ये साडेचार वर्षांची असेल. पेपरातले मथळे वाचते, शंभरपर्यंत मोजते. आपल्या राज्यात ३१ डिसेंबरपर्यंत ३ वर्षं पूर्ण असतील तर नर्सरी आणि ६ पूर्ण असतील तर पहिली, असा हिशोब आहे. म्हणजे ही बसते सीनियर केजीत, आणि तीही वर्गातली सगळ्यात लहान म्हणून. पण तालुक्याच्या एका इंग्रजी शाळेने "पोरीची टेस्ट घेऊ, पहिलीचं बघू, जमवू" असं सांगितलं आणि घर दोन तटांत विभागलं.

आता 'जमवू' म्हणजे काय? आपल्या आई-वडिलांच्या वेळी गुरुजी अंदाजाने तारीख टाकायचे, म्हणून तर निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो! आता जन्मदाखला आहे, आधार आहे. कागदावर वय वाढत नाही. आणि ती टेस्ट? शिक्षणहक्क कायदा २०१० पासून लागू आहे. शाळाप्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेणं त्यात चक्क बेकायदा ठरवलंय, पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड आहे. त्याच्याही आधी, १९९३ मध्ये, यशपाल समितीने सांगून ठेवलं होतं की एवढ्याशा मुलांची चाचणी आणि मुलाखत घेऊन निवड करू नका. मी भाचीला म्हटलं, जी शाळा पहिल्याच दिवशी नियम वाकवायला तयार आहे, ती उद्या तुझ्या मुलीसाठी कुठला नियम पाळणार?

दुसरं म्हणजे हात. वाचणं डोळ्यांनी आणि कानांनी येतं. लिहायला मनगट आणि बोटं लागतात, आणि त्या वयात मनगटातली छोटी हाडंही पुरती तयार झालेली नसतात. डोकं सहा वर्षांचं असलं तरी बोटं चारचीच राहतात. पहिलीत पानंच्या पानं लिहायला लागली की हीच वाचणारी पोर 'हळू लिहिते' म्हणून मागे पडते. रडतेही.

आणि तिसरं मला सगळ्यात जास्त बोचलं. सासूबाई म्हणाल्या, "मुलगीच आहे, लवकर शिकून मोकळी होईल." नातू असता तर हे वाक्य निघालं असतं का हो? जरा पुढचा हिशोब मांडून बघा. साडेचारला पहिली, तर साडेचौदाला अकरावी. म्हणजे बाकीच्या मुली सोळाच्या आसपास असताना ही एवढीशी पोर एसटीने ये-जा करणार, नाहीतर लातूरला क्लाससाठी खोली घेऊन राहणार. आज वाचवलेलं वर्ष तेव्हा तिच्याकडूनच वसूल होणार. आणि लवकर शिकून मोकळी म्हणजे कशासाठी मोकळी, ते आपल्याला सगळ्यांनाच ठाऊक आहे.

मग कुठे घालायचं? मला विचाराल तर 'कधी'पेक्षा हा प्रश्न मोठा आहे. मारिया मॉन्टेसरींनी रोममध्ये १९०७ साली पहिलं बालघर काढलं. त्यांच्या पद्धतीत तीन ते सहाची मुलं एकाच खोलीत असतात. पुढे असलेल्या मुलाला वर्ग बदलावा लागत नाही, ते आपलं पुढचं साहित्य उचलतं आणि धाकट्यांना दाखवतं. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी शिंपले, बिया, पानं, माती यांतूनच शिकवण्याचं साहित्य उभं केलं. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पनाही त्यांचीच. गंमत बघा, ज्या अंगणवाडीला आपण 'खिचडीची शाळा' म्हणून नाकं मुरडतो, तिथे आजही तीन ते सहाची मुलं एकत्रच बसतात. सगळ्याच चांगल्या चालतात असं मी म्हणणार नाही. पण जाऊन बघायला काय हरकत आहे?

बघायला जाल तेव्हा फीचा तक्ता नंतर मागा. आधी अर्धा तास नुसतं बसा. मुलं बोलतायत की हाताची घडी, तोंडावर बोट? पुस्तकं मुलांच्या हाताला लागतात की कपाटाला कुलूप आहे? शू-शीची सोय कशी आहे? व्हॅनमध्ये किती मुलं कोंबतात आणि बरोबर बाई असते का? आणि बाईंना सरळ विचारा, "हिला वाचता येतं, तर बाकीचे अक्षरं शिकताना ही काय करेल?" "सगळ्यांबरोबर गिरवेल" असं उत्तर आलं तर दुसरं दार बघा. "हिला गोष्ट वाचून दाखवायला सांगेन" म्हणाल्या, तर तिथेच फॉर्म भरा.

तुमचं मूल चौदा किलोमीटरवरच्या चकचकीत शाळेत गेलं नाही म्हणून मागे राहत नाही. त्याची वाचनाची भूक घरी भागवा. जुनं कॅलेंडर, किराण्याची यादी, एसटीची पाटी, सगळं वाचू द्या. गावात वाचनालय असेल तर त्याचं सभासदत्व महिन्याच्या व्हॅनभाड्याहून नक्कीच स्वस्त पडेल.

भाचीने दोन गल्ल्यांपलीकडची बालवाडी बघून ठेवलीय. अडीच तासांची, तीन ते सहाची मुलं एकत्र, मागे चिंचेचं झाड. व्हॅन नको, पायी सोडता येतं. नवरा हो-नाही करत तयार झालाय. सासूबाईंचं अजून "टाय-बुटाचं काय?" हेच चाललंय. तालुक्याच्या शाळेचा फॉर्म कपाटावर तसाच पडून आहे, त्याची शेवटची तारीख येत्या शनिवारी आहे.