घरचा कागद वाचता न येणारी पदवी

गेल्या महिन्यात ताडकळसच्या बाजारपेठेतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात काही कागदांच्या प्रती काढून घेण्यासाठी थांबलो होतो. माझ्या पुढे एक तरुण उभा होता. इतिहास विषयात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकणारा, शेतकऱ्याच्या घरातला, बोलण्यावागण्यात सालस. ‘‘भाऊ, एक प्रोजेक्ट काढून द्या, चाळीस पानांचा,’’ तो दुकानदाराला म्हणाला. दुकानदाराने संगणकातली एक तयार फाईल उघडली, जुने नाव पुसून नवे नाव घातले, बैठक क्रमांक बदलला आणि दहा मिनिटांत स्पायरल बाइंडिंग करून संशोधन त्या तरुणाच्या हाती दिले. विषय होता फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे. मी सहज विचारले, ‘‘बाळा, तुझ्या घरी निजामाच्या काळातले काही जुने कागद आहेत का?’’ तो म्हणाला, ‘‘आहेत ना काका, आजोबाच्या ट्रंकेत गठ्ठाच आहे. पण ते वाचायचं कुणाला येतंय?’’

हा तरुण आळशी नाही आणि लबाडही नाही. त्याला जे शिकवले गेले, तेच तो करीत आहे. पॅरिसच्या जनतेने बास्तीय का फोडले, हे त्याला पाच मुद्द्यांत सांगता येते; पण स्वतःच्या पणजोबाच्या जमिनीचा कागद त्याच्यासाठी परक्या ग्रहावरचा दस्तऐवज आहे. फ्रान्सचा इतिहास शिकू नये, असे कोणीही म्हणणार नाही. प्रश्न असा आहे की, इतिहासाची पदव्युत्तर पदवी घेणाऱ्याला घरचा कागद वाचता येत नसेल, तर त्या पदवीने त्याला नेमके काय दिले?

नव्या रचनेने उघडलेले दार

हा प्रश्न आजच विचारण्याला कारण आहे. २०२० मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून टप्प्याटप्प्याने ते उच्च शिक्षणात लागू झाले. त्यानुसार दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची रचना साधारण ८८ श्रेयांकांची झाली. पहिल्या सत्रात संशोधनपद्धतीचे ४ श्रेयांक आले. दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष कार्यानुभव किंवा क्षेत्रीय प्रकल्प यासाठी ४, तिसऱ्या सत्रात संशोधन प्रकल्पासाठी ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांक ठेवले गेले. म्हणजे प्रकल्पांचेच १४ श्रेयांक झाले. संपूर्ण पदवीचा जवळजवळ सहावा हिस्सा वर्गाच्या चार भिंतींबाहेर, आपल्या परिसरात जाऊन मिळवायचा आहे.

यापूर्वी असे दार इतके मोठे कधी उघडले नव्हते. परीक्षेच्या आदल्या रात्री ‘गाइड’ पाठ करून एम.ए. होण्याची जी परंपरा आपण वर्षानुवर्षे पोसली, तिला छेद देण्याची ही संधी होती. पण दार उघडे असूनही आत शिरले कोण? झेरॉक्सच्या दुकानातली तयार फाईल! संशोधन प्रबंधांतील वाङ्मयचौर्याला आळा घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये नियम केले, दहा टक्क्यांपुढील उचलेगिरीला दंडाच्या पायऱ्या ठरविल्या. मात्र या प्रकल्पांतील उचलेगिरी सर्वांना ठाऊक असते आणि सर्वांनाच ती सोयीची वाटते. विद्यार्थ्याचे गुण सुटतात, महाविद्यालयाचा निकाल सुधारतो आणि अध्यापकाचा वेळ वाचतो. नुकसान फक्त ज्ञानाचे होते, आणि ज्ञानाच्या बाजूने तक्रार करायला कोणी येत नाही.

ज्यासाठी मराठवाडा लढला

मराठवाड्याने तरी हे मुकाट्याने सोसू नये. कारण शिक्षणात स्वत्व असावे यासाठी या भूमीने जी किंमत मोजली, ती फार थोड्या प्रदेशांना मोजावी लागली. निजामाने १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू केले. मातृभाषा तेलुगू, मराठी आणि कन्नड असलेली प्रचंड बहुसंख्य प्रजा एकीकडे आणि उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू दुसरीकडे, अशी ती व्यवस्था होती. परक्या इंग्रजीऐवजी देशी भाषेत शिक्षण देण्याचा प्रयोग म्हणून त्याचे आजही कौतुक होते. पण परभणीच्या वा नांदेडच्या मराठी मुलासाठी ती देशी भाषा त्याची स्वतःची नव्हती. म्हणूनच आमच्या वाडवडिलांनी हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी, संभाजीनगरची सरस्वती भुवन अशा संस्था पोटाला चिमटा घेऊन उभ्या केल्या आणि टिकवल्या.

१९३८च्या अखेरीस औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, इंटरमिजिएट कॉलेजपासून हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा हक्क मागितला. उत्तरादाखल त्यांना वसतिगृहांतून आणि वर्गांतून काढून टाकण्यात आले. शेकडो तरुणांनी शिक्षणावर पाणी सोडले, पण गीत सोडले नाही. त्यांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्या तरुणांपैकीच एक. त्याच काळात आर्य समाज, हिंदू महासभा आणि स्टेट काँग्रेस या तिन्ही प्रवाहांनी निजामी राजवटीविरुद्ध सत्याग्रह मांडला होता. २०२५ मध्ये ‘वंदे मातरम्’च्या दीडशे वर्षांचा उत्सव सुरू झाला, त्या उत्सवात या विद्यार्थ्यांची आठवण मराठवाड्यातल्या किती महाविद्यालयांनी काढली?

या लढ्याचे सेनापती स्वामी रामानंद तीर्थ हे स्वतः शिक्षक होते. सरकारी शिक्षणाला पर्याय म्हणून १९२१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात ते शिकले, हिप्परगे आणि अंबाजोगाई येथे त्यांनी शाळा चालवल्या आणि त्यानंतर ते रणात उतरले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले. बरोबर ४६ वर्षांनी, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, त्यांच्याच नावाने नांदेडला विद्यापीठ स्थापन झाले. आज ताडकळसचा विद्यार्थी पूर्णेला रेल्वे पकडून ज्या विद्यापीठात पोहोचतो, त्याच्या नावात आणि स्थापनेच्या तारखेतच त्याचे कर्तव्य लिहिलेले आहे. मुक्तिसंग्रामाच्या नावाने उभ्या राहिलेल्या विद्यापीठाच्या परिसरात मुक्तिसंग्रामाची कागदपत्रे वाचणारे विद्यार्थी तयार व्हायला नकोत काय?

सरकारच जेव्हा वाचक शोधू लागले

या उपेक्षेची किंमत किती मोठी असते, ते २०२३ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. मराठवाड्यातील निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने त्या वर्षी सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आरक्षणाच्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. पण तहसील कचेऱ्यांतले जुने दप्तर बाहेर निघाले, तेव्हा त्यातली मोडी, उर्दू आणि फारसी वाचणारी माणसे शोधावी लागली. लक्षावधी कुटुंबांचे भवितव्य ज्या कागदांवर अवलंबून होते, ते कागद वाचणारे हात बोटांवर मोजण्याइतके उरले होते. मराठवाड्यात विद्यापीठ सुरू होऊन तेव्हा ६५ वर्षे झाली होती, कारण मराठवाडा विद्यापीठ १९५८चे. या साडेसहा दशकांत इतिहासाचे आणि मराठीचे किती द्विपदवीधर बाहेर पडले असतील! त्यांपैकी कितीजण त्या दप्तरापुढे बसू शकले?

‘मोडी शिकून पोट भरते का?’ असे उपहासाने विचारणाऱ्यांना त्या वर्षी उत्तर मिळाले. आणि सध्याची पदवी तरी कोणाचे पोट भरते आहे? नोकरीही नाही आणि ज्ञानही नाही, अशा दुहेरी दिवाळखोरीपेक्षा निदान एक विद्या हाती असणे केव्हाही बरे.

याच मराठवाड्याच्या निलंगा गावी जन्मलेले सेतुमाधवराव पगडी प्रशासकीय सेवेत राहूनही फारसी साधनांचे अधिकारी अभ्यासक झाले. आदिलाबादच्या गोंडांमध्ये काम करताना त्यांची भाषाही शिकले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगावी फिरून वाड्यांतली आणि माळ्यांवरची दप्तरे गोळा करीत राहिले आणि त्यातून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड उभे राहिले. ना अनुदान, ना श्रेयांक. आज अनुदान आहे, श्रेयांक आहेत, संगणक आहे. ओढ तेवढी उरलेली नाही.

दोन्ही बाजूंना दोन शब्द

ही ओढ कोणी मारली? अनेक दशके आपल्या विद्यापीठांतील मानव्यशाखांवर ज्या डाव्या विचारांच्या कंपूचे वर्चस्व राहिले, त्यांना या पापाचा वाटा उचलावाच लागेल. स्थानिक देवालय, संतपरंपरा, ग्रामदैवत, कुलाचार यांचा अभ्यास म्हणजे प्रतिगामीपणा आणि पाश्चात्त्य सिद्धान्ताची चौकट जशीच्या तशी आपल्या समाजावर बसवणे म्हणजे विद्वत्ता, असा समज त्यांनी रूढ केला. गंगाखेडच्या जनाबाईंवरचा प्रबंधसुद्धा एखाद्या फ्रेंच विचारवंताच्या साक्षीशिवाय पुरा होईना! आणि आता भारतीय ज्ञानपरंपरेचा अभ्यासक्रमात समावेश होताच हेच लोक ‘भगवेकरण’ म्हणून ओरडत आहेत. चारठाण्याची मंदिरे मोजणे किंवा धारासूरच्या गुप्तेश्वराच्या शिल्पांची नोंद करणे हे भगवेकरण असेल, तर मग इतिहास म्हणजे दुसरे काय?

परंतु केवळ त्यांच्याकडे बोट दाखवून आपली सुटका होणार नाही. आज धोरण आपल्या विचाराचे आहे, सत्ताही आपल्या विचाराची आहे. आता सबब कोणाची सांगायची? विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढून सांगितले की, एकूण श्रेयांकांपैकी किमान पाच टक्के भारतीय ज्ञानप्रणालीचे असावेत आणि त्यांतले निम्मे तरी विद्यार्थ्याच्या मुख्य विषयाशी निगडित असावेत. हे अत्यंत योग्य आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी काय दिसते? घाईने जमवलेली टिपणे, मूळ ग्रंथ न उघडता ठोकून दिलेली गौरववाक्ये आणि बहुपर्यायी प्रश्न. आर्यभटाचे नाव पाठ आहे, पण त्याचे गणित एकदाही फळ्यावर सोडवलेले नाही. ही ज्ञानपरंपरा नव्हे, तिचे श्राद्ध आहे. ज्या राष्ट्रवादाला अभ्यासाचे कष्ट नकोत, तो विरोधकांच्या टीकेपेक्षाही आपल्या कार्याला अधिक घातक असतो.

आणि शिकवणार तरी कोण? ग्रामीण महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरच्या अध्यापकांच्या खांद्यावर आहे. सेट-नेट झालेला, कधी पीएच.डी.ही केलेला हा तरुण दरवर्षी नव्याने मुलाखत देतो आणि मानधनाची वाट पाहतो. उद्याची शाश्वती नसलेल्या माणसाने विद्यार्थ्यांना घेऊन गावोगावची दप्तरे धुंडाळावीत, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? गुरूला उपाशी ठेवून गुरुपौर्णिमा साजरी करण्यात कसला संस्कार आहे?

चौथ्या वर्षाचीही हीच गत होईल, अशी भीती वाटते. चार वर्षांची संशोधनासह ऑनर्स पदवी घेणाऱ्याला पुढे एका वर्षात पदव्युत्तर पदवी मिळू शकते. त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत आणि महाविद्यालयात संशोधनाला मार्गदर्शन करणारे कायम अध्यापक हवेत. पहिली अट ताडकळसचा मुलगा कष्टाने पुरी करील. दुसरी त्याच्या हातात नाही. मग पुण्याचा विद्यार्थी संशोधक होणार आणि गोदाकाठचा तीन वर्षांनी बाहेर पडणार, असा नवा भेद आपणच निर्माण करणार आहोत का?

परभणीचा धडा

हे सारे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांना परभणीकडेच बोट दाखवता येईल. १९७२ मध्ये येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. तेथील संशोधकांनी भेंडीवरच्या पिवळ्या शिरांच्या रोगाचा प्रश्न हाती घेतला आणि रानटी वाणाशी संकर करून ‘परभणी क्रांती’ हे वाण सिद्ध केले. आज देशाच्या दूरदूरच्या भागांतला शेतकरी परभणी कुठे आहे हे न जाणताही तिचे नाव घेतो. आपल्या शेतातला प्रश्न घेतला, मूळ साधनापर्यंत गेले आणि उत्तर साऱ्या देशाच्या कामी आले. स्थानिक विषय म्हणजे संकुचित विषय, हा आक्षेप एका भेंडीने खोडून काढला आहे. कृषीशाखेला जे जमले, ते मानव्यशाखेला का जमू नये?

म्हणून काही मागण्या स्पष्ट शब्दांत मांडतो. इतिहास आणि मराठीच्या प्रत्येक पदव्युत्तर विभागात मोडीवाचन श्रेयांकांसह अनिवार्य करावे, निजामकालीन उर्दू-फारसी दप्तराचे वाचन ऐच्छिक म्हणून तरी ठेवावे. शिकवायला पदवीधारक नसतील, तर २०२२ मध्ये मान्य झालेल्या ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’च्या तरतुदीतून जुन्या जाणकारांना सन्मानाने बोलवावे. प्रत्येक विद्यार्थ्याचा प्रकल्प त्याच्या गावाशी वा तालुक्याशी निगडित असावा, त्याची तोंडी परीक्षा गावकऱ्यांसमोर व्हावी आणि एक प्रत ग्रामपंचायतीत राहावी. गावासमोर कोणी झेरॉक्सच्या दुकानातले संशोधन वाचून दाखवणार नाही. तालुक्यातील महाविद्यालयांनी मार्गदर्शक आणि ग्रंथालये एकत्र आणून चौथे वर्ष चालवावे. आणि रिक्त पदे कायमस्वरूपी भरावीत, कारण बाकीच्या सर्व मागण्या या एका मागणीवर उभ्या आहेत.

सरकारने हे करीपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसण्याचेही कारण नाही. राष्ट्रीय विचारांच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी मोडीचे वर्ग सुरू करावेत, घराघरांतील कागदांची छायाचित्रे घेऊन ती जपावीत. येत्या १७ सप्टेंबरला ध्वजवंदन होईल, भाषणे होतील, स्वामीजींच्या प्रतिमेला हार घातले जातील. त्याच दिवशी प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या पंचक्रोशीतला एक तरी जुना कागद विद्यार्थ्यांकडून जाहीरपणे वाचून घ्यावा. ताडकळसच्या त्या तरुणाच्या घरातली ट्रंक अजून तशीच आहे. वाळवी सत्राच्या वेळापत्रकाची वाट पाहत नाही, हे विद्यापीठांनी आणि आपण सर्वांनीही ध्यानात घ्यावे.