रिक्षा उचलण्याआधी

घरात रिक्षा येणार म्हटले की हिंगोलीकडे बरेच जण म्हणतात, "कंपनी वाळूजलाच आहे, तिथूनच उचलू, दोन पैसे वाचतील." बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ पासून चालू आहे आणि तीनचाकी तिथे बनते, हे खरे. आपली किती तरी पोरे त्या एमआयडीसीत राबतात. पण कारखान्याच्या दारात सुटी गाडी मिळत नाही, ती विक्रेत्याकडूनच घ्यावी लागते. जाण्यायेण्याचे एस.टी.भाडे आणि दिवसाची मजुरी उगाच बुडेल.

तो दिवस कागद वाचण्यात घालवा. कोऱ्या फॉर्मवर सही-अंगठा देऊ नका, समोरचा भावकीतला का असेना! किंमत, विमा, नोंदणी असा वेगवेगळा हिशेब लिहून मागा. चेसिस आणि इंजिन नंबर बिलाशी ताडून पाहा.

फायनान्सवाल्याकडे धावण्याआधी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळात बीजभांडवलाची चौकशी करा. १९७८ साली निघालेले हे महामंडळ अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी आहे. चकरा पडतील, पण मारा.

कर्ज काढले की आर.सी.वर कर्ज देणाऱ्याचे नाव चढते. शेवटचा हप्ता फिटला म्हणून ते आपोआप उतरत नाही. ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आर.टी.ओ.त द्यावा लागतो.

हप्त्याच्या पावत्या घरच्या बाईच्या पेटीत राहू द्या. हप्त्यात तिचीही मजुरी असते. २०२१ पासून नोंदणीच्या वेळी नॉमिनी नेमता येतो. तिथे तिचे नाव घाला.