तीन, चार आणि एक

अलार्म छताला बसवायचा, टेस्टचं बटण दाबायचं, कानठळ्या बसल्या की बिल हातात ठेवून निघायचं. आपल्यातल्या बहुतेकांचं काम इथे संपतं. घरातल्यांना मात्र एवढंच कळलेलं असतं की हा डबा ओरडतो. कशासाठी ओरडतो, ते कुणी सांगितलेलंच नसतं.

अमेरिकी मानकांच्या यंत्रात धुरासाठी तीन बीप, दीड सेकंद शांतता आणि पुन्हा तीन असा क्रम असतो. कार्बन मोनॉक्साइडसाठी चार झटपट बीप आणि पाच सेकंद शांतता. एकाच डब्यात दोन्ही सेन्सर असतील तर हा फरक फारच महत्त्वाचा. या वायूला रंग नाही, वास नाही. चार बीप ऐकून माणूस धूर शोधतो, तो दिसत नाही, आवाज बंद करून पुन्हा झोपतो. युरोपीय बनावटीची यंत्रं निराळी वाजू शकतात, तेव्हा माहितीपत्रक आधी आपण वाचावं.

तिसरा आवाज म्हणजे अर्ध्या-एक मिनिटाने येणारी एकच टिक. पहाटेच्या गारव्यात उतरत आलेल्या बॅटरीचा व्होल्टेज आणखी घसरतो, त्यामुळे ही किरकिर बरेचदा ऐन झोपेत सुरू होते. वैतागलेले गृहस्थ स्टुलावर चढून बॅटरीच काढून ठेवतात. नवी बॅटरी घालूनही टिक थांबत नसेल तर मागची तारीख पाहा. धुराच्या अलार्मचं आयुष्य साधारण १० वर्षं, कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं मॉडेलनुसार ५ ते १०.

आपल्याकडे आणखी एक घोळ आहे. ओट्याखालचा एलपीजी डिटेक्टर दाखवून ‘गॅसचा अलार्म आहे की’ असं ग्राहक सांगतो आणि आपण मान डोलावतो. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून तो डिटेक्टर जमिनीलगत बसवतात; पण बंद बाथरूममधल्या गॅस गीझरमुळे जीव जातो तो कार्बन मोनॉक्साइडने, आणि त्यासाठी ते यंत्र बनवलेलंच नसतं. शिवाय कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वायूचं प्रमाण आणि वेळ दोन्ही मोजून वाजतो; अमेरिकी मानकांनुसार ७० पीपीएमला एक ते चार तास, ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटं. म्हणून गीझर आधी बाथरूमबाहेर हलवायला सांगा, अलार्म विकायचं नंतर बघू.

जानेवारीत अग्निसुरक्षेच्या बी फॉर्मच्या तपासणीसाठी सोसायट्यांमध्ये जाल, तेव्हा रहिवाशांना हे तिन्ही आवाज ऐकवा. ज्या घरात अलार्म बसवाल तिथे त्याच्याशेजारी मराठीत स्टिकर लावा: कोणता आवाज आगीचा, कोणता वायूचा, कोणता बॅटरीचा. स्टिकरचा खर्च हवा तर बिलात धरा.