हौशी खेळाचे सोवळे आणि पाथरवट सूटर

‘पैसा आला आणि खेळ बाटला’ हे रडगाणे आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. पूर्वी म्हणे लोक निव्वळ खेळाच्या प्रेमापोटी खेळत. मग पगारी खेळाडू आले आणि सारे नासले. आमचा प्रश्न साधा आहे. पूर्वी खेळणारे हे लोक कोण होते आणि त्यांचे पोट कशावर चालत होते? उत्तरासाठी फर्गस सूटर या स्कॉटिश खेळाडूकडे पाहावे लागेल.

सूटर १८५७ साली ग्लासगोत जन्मला. व्यवसायाने पाथरवट. पार्टिक या क्लबकडून तो खेळे. १८७८ मध्ये तो लँकेशायरमधील डार्वेन या गिरण्यांच्या गावी आला आणि तिथल्या संघात दाखल झाला. इंग्लंडचा दगड फार कठीण, हात सुजतात, असे सांगून त्याने छिन्नी-हातोडा खाली ठेवला. मग चूल कशी पेटत होती? क्लब गुपचूप पैसे देत होता. ठराविक पगार नव्हता, गरज पडली की खजिनदाराला गाठायचे, हे पुढे त्यानेच सांगितले. जगातल्या पहिल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये त्याचे नाव घेतले जाते ते यामुळे.

हे पैसे चोरून का द्यावे लागत होते? कारण १८६३ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या फुटबॉल असोसिएशनवर इटन, हॅरोसारख्या धनिकांच्या शाळांतून आलेल्यांचा वरचष्मा होता. खेळाचे पैसे घेणे त्यांना हीन वाटे. वाटणारच! ज्याला जमीनजुमल्याचे उत्पन्न आहे, बँकेत भागीदारी आहे, त्याला फुकट खेळणे परवडते. आठवडाभर मागावर उभा राहणारा विणकर फुकट खेळला तर त्याची मजुरी बुडते. ‘फुकट खेळा’ हा नियम दिसायला सर्वांना सारखा होता, पण त्याची झळ एकाच वर्गाला बसत होती.

१८७९ चा एफए कप पाहा. डार्वेनची गाठ पडली इटनच्या माजी विद्यार्थ्यांच्या ‘ओल्ड इटोनियन्स’शी. गिरणी कामगारांचा हा संघ १-५ असा मागे होता. त्याने सामना ५-५ असा बरोबरीत आणला. डार्वेनला जादा वेळ खेळून निकाल हवा होता. इटोनियन्सनी नकार दिला. दुसरा सामना २-२ असा सुटला आणि तिसऱ्यात डार्वेन २-६ ने हरले. तिन्ही सामने लंडनला! एका संघाला मैदान घराजवळ, दुसऱ्याला दोनशे मैलांचा प्रवास. त्या प्रवासासाठी गावाने वर्गणी काढली. हीच का ती निर्मळ स्पर्धा?

१८८० मध्ये सूटर शेजारच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे गेला. पैशासाठी गेला, अशी ओरड झाली. आम्ही विचारतो, गेला असेल तर काय बिघडले? वकील जास्त फी देणाऱ्या अशिलाकडे जातो तेव्हा कोणी त्याला वकिलीचा शत्रू म्हणत नाही. सूटरजवळही विकण्यासारखे कसब होते. एकट्याने चेंडू दामटत नेण्याची इंग्रजी रीत मोडून चेंडू सहकाऱ्याकडे देत पुढे सरकण्याचा खेळ स्कॉटिश खेळाडूंनी लँकेशायरमध्ये रुजवला. १८८२ ची अंतिम लढत रोव्हर्स इटोनियन्सकडून हरले. पण १८८४, १८८५ आणि १८८६ असा सलग तीनदा त्यांनी कप जिंकला आणि सूटर तिन्ही वेळा संघात होता.

१८८४ च्या आरंभी प्रेस्टनच्या विल्यम सडेलने आम्ही खेळाडूंना पैसे देतो, असे उघड सांगितले. प्रेस्टनला स्पर्धेबाहेर काढले. तेव्हा उत्तरेकडील अनेक क्लबांनी वेगळी संघटना काढण्याची धमकी दिली. मग कुठे जुलै १८८५ मध्ये पगारी खेळाला मान्यता मिळाली. तीही कशी? पगारी खेळाडूला असोसिएशनच्या कुठल्याही समितीवर बसता येणार नाही, ही अट घालून. घाम तुमचा, निर्णय आमचा! आणि सूटरच्या मायदेशी, स्कॉटलंडमध्ये, ही मान्यता यायला १८९३ उजाडले.

आता नेटफ्लिक्सच्या ‘द इंग्लिश गेम’ या २०२० च्या मालिकेकडे वळू. तिच्यात सूटरचा संघ १८८३ ची अंतिम लढत जिंकतो आणि त्याला न्याय मिळतो तो इटोनियन किनेर्डच्या उदार मनामुळे. वास्तवात १८८३ मध्ये इटोनियन्सना २-१ ने हरवले ते ब्लॅकबर्न ऑलिम्पिकने, आणि त्या संघात सूटर नव्हता, विणकर आणि इतर कामगार होते. मालिकेने दोन क्लब एकात कालवले, कामगारांचा विजय पडद्यावरून पुसला आणि धनिकाला उद्धारकर्ता केले. मिळवलेल्या हक्काला दिलेली भीक म्हणणे, ही प्रस्थापितांची जुनीच सवय.

आजच्या फुटबॉलमध्ये धनदांडग्या मालकांनी मांडलेला बाजार आम्हालाही मान्य नाही. पण मालकाचा नफा आणि खेळाडूची मजुरी यांची गल्लत करू नका. सूटरने मागितली ती मजुरी. तिला विटाळ म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःच्या हौशीचा खर्च कोणाच्या श्रमातून निघत होता, त्याचा हिशेब मांडावा.