व्हेपचं गणित वर्गात मांडा

मंडळी, ओहमचा नियम आठवतोय का? मी जन्मभर मराठी शिकवलं, पण शाळेत घोकलेला तो नियम अजून पाठ आहे. हल्ली तरुण मुलं व्हेपबद्दल बोलताना "किती ओहमची कॉइल? किती वॅट?" असं सहज विचारतात. म्हणून म्हटलं, हे गणित जरा मांडून पाहावं.

व्हेप म्हणजे चिमुकली विजेची शेगडीच. तारेचं वेटोळं, त्याला लागून कापूस आणि कापसात बहुधा निकोटीन असलेला द्रव. तार तापली की त्याची वाफ होते. शक्ती म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले रोध. 3.7 व्होल्टची बॅटरी 1.2 ओहमच्या कॉइलला थेट जोडली तर साधारण 11 वॅट मिळतात, 0.3 ओहमच्या कॉइलला 45. रोध एक चतुर्थांश, शक्ती चौपट! विद्युतधाराही 3 अँपिअरवरून 12 वर जाते. न पेलणारी बॅटरी मग भलतीच तापते.

काही यंत्रांत वॅट आपण ठरवायचे, व्होल्ट ते स्वतः जुळवतं. पण कॉइलला झेपतील त्याहून जास्त वॅट दिले, की कापसात द्रव पोचण्याआधीच तो सुकतो आणि करपतो. 2015 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या एका प्रयोगात 3.3 व्होल्टला फॉर्माल्डिहाइडची संयुगं सापडली नाहीत, 5 व्होल्टला सापडली. इतकी करपट वाफ कोणी ओढणारच नाही, असा आक्षेप त्यावर घेतला गेला, हेही सांगायला हवं. पण वॅट वाढले की त्याच द्रवातून वाफ जास्त आणि निकोटीनही जास्त, हे तर खरंच ना? यंत्रावर वॅट दिसतात. छातीत किती निकोटीन गेलं, ते दिसत नाही.

आपल्याकडे 2019 च्या कायद्यानं ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी आहे. मग वर्गात विषयच कशाला काढायचा, असं काही शिक्षकबंधू म्हणतील. मला ते पटत नाही. नुसतं "वाईट आहे" म्हटलं की पोरांचं कुतूहल वाढतं. त्यापेक्षा ओहमचा नियम शिकवताना हेच उदाहरण फळ्यावर सोडवून घ्यावं. उपदेश एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडता येतो. स्वतः सोडवलेलं गणित डोक्यात राहतं.

असो. तुमच्यापैकी शिक्षक असतील त्यांना काय वाटतं? जरूर कळवा.