परवान्यावरील बंदी : अपील जरूर करा, पण सवलत कमवा

या पानावर आपण बहुधा बोंडअळी, केळीवरचा करपा नाहीतर पीकविमा यांवर बोलतो. आजचा विषय जरा वेगळा, पण शेतीबाहेरचा नाही. ट्रॅक्टर, पिकअप आणि मोटारसायकल यांच्यावाचून खान्देशातली शेती आता एक दिवसही चालत नाही. रावेर-यावलची केळी असो की शिरपूर-अमळनेरचा कापूस, माल बाजाराला लागतो तो कुणीतरी गाडी चालवतो म्हणून. त्याच माणसाचा परवाना दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल बंद झाला की घरची सगळी कामे खोळंबतात. मग धावपळ सुरू होते. "साहेब, बंदीचे महिने कमी होतील का हो?" विस्ताराच्या कामासाठी गावोगाव फिरताना हा प्रश्नही कानावर येतो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. मुदत कमी करून मागणे हा कायद्याने दिलेला हक्क आहे. तो वापरायला लाजू नये. पण ही सवलत ओळख लावून किंवा खोटा दाखला जोडून मिळवायची नसते. ती कमवायची असते.

बंदी दोन ठिकाणांहून येते

बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य सापडले तर गुन्हा ठरतो. मग ती इंग्लिश असो, देशी असो की सातपुड्यातली मोहाची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड किंवा दोन्ही.

परवान्याची बंदी यापेक्षा वेगळी, आणि तीही दोन हातांनी येते. एक आरटीओकडून, कलम १९ खाली. २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने पोलिसांनी जप्त करून पाठवलेल्या परवान्यावर पहिल्या वेळी ३ महिने बंदी आणि पुन्हा तोच गुन्हा घडला तर परवाना रद्द, अशी तरतूद केली आहे. या कलमाखाली हुकूम काढण्यापूर्वी आरटीओने तुमचे म्हणणे ऐकले पाहिजे आणि कारणे लेखी दिली पाहिजेत. हुकूम हाती पडल्यापासून ३० दिवसांत त्यावर अपील करता येते. म्हणून नोटीस आली की ती देव्हाऱ्यामागे खोचून ठेवू नका. सुनावणीला हजर राहा, हुकमाची प्रत घ्या आणि ती कोणत्या तारखेला मिळाली ते लिहून ठेवा.

दुसरी बंदी कोर्टाकडून, कलम २० खाली. कलम १८५ मध्ये दोषी ठरल्यावर बंदी घालणे कोर्टावर बंधनकारक आहे, आणि ती ६ महिन्यांपेक्षा कमी असू शकत नाही. ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. दोष कायम राहिला तर वरचे कोर्टसुद्धा ६ महिन्यांच्या खाली उतरणार नाही. बंदी वर्षाची, दोन वर्षांची असेल तर ती जास्त का, हा वाद घालता येतो. "सहाचे दोन महिने करून देतो" असे सांगणारा एजंट कोर्टाच्या आवारात भेटला, तर तो तुमच्या खिशाकडे बघून बोलतोय असे समजा.

'कबूल करा आणि मोकळे व्हा'

असा सल्लाही फुकटात मिळतो. माणूस दंड भरून घरी येतो आणि परवाना गेल्याचे त्याला मागाहून कळते. गुन्हा कबूल केला की दोषी ठरवण्याविरुद्ध अपिलाचा रस्ता जवळजवळ बंद होतो. शिक्षा किती आणि ती कायद्याला धरून आहे का, एवढेच बोलायचे उरते. खरोखर प्यायला असाल तर कबूल करण्यात कमीपणा नाही. पण तपासणीत गडबड वाटत असेल, तर आधी वकिलाला विचारा. या गुन्ह्यात अटक झाली तर २ तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. कमी उत्पन्नवाले, अनुसूचित जाती-जमातीचे बांधव, महिला आणि कोठडीतले यांना तिथे मोफत वकील मिळतो.

आणखी एक गैरसमज. "अपील टाकलंय, आता चालवायला हरकत नाही." हरकत आहे! कोर्टाने घातलेली बंदी अपिलामुळे आपोआप थांबत नाही. वरच्या कोर्टाने तसा हुकूम दिला तरच थांबते. बंदीत गाडी चालवताना सापडलात तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. आणि मग महिने कमी करा म्हणायला कोणते तोंड उरणार?

बाप घरी बसला म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या हातात ट्रॅक्टर देऊ नका. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, शिवाय गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. महिने वाचवता वाचवता ट्रॅक्टरच जायचा.

सहा महिन्यांनंतरचे दार

कायद्यात एक दार आहे, ते फार थोड्यांना माहीत असते. कलम २३ प्रमाणे हुकमाच्या तारखेपासून ६ महिने झाल्यावर, ज्याने बंदी घातली त्याच कोर्टाकडे किंवा अधिकाऱ्याकडे ती उठवण्याचा अर्ज करता येतो. सगळी परिस्थिती पाहून बंदी रद्द किंवा कमी होऊ शकते. अर्ज फेटाळला तर पुढचा अर्ज ३ महिने थांबून. लांब मुदतीची बंदी ज्याच्यावर आहे, त्याने हे दार नजरेसमोर ठेवूनच पहिले ६ महिने काढावेत. एकदाही गाडीला हात लावला नाही, व्यसनावर उपचार घेतले, घरचा गाडा कसा चालला, या सगळ्याचे कागद जपून ठेवा. इंग्लंडमध्ये या गुन्ह्याला किमान १२ महिने बंदी आहे, पण कोर्टाने देऊ केलेला वर्ग वेळेत पूर्ण केला तर ती पाव हिश्श्यापर्यंत कमी होते. आपल्याकडेही वागणुकीशी बांधलेली अशी सूट कायद्यात स्पष्ट लिहिली जावी, असे मला वाटते.

२०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे उत्तर प्रदेशातल्या सशस्त्र पोलीस दलाच्या एका चालकाचे प्रकरण आले होते. जवानांनी भरलेला ट्रक त्याने प्यायलेल्या स्थितीत चालवला आणि जीपला धडक झाली. मोठी हानी झाली नाही, ही नशिबाची गोष्ट, चालकाची पुण्याई नव्हे, असे न्यायालयाने मानले. तरी २५ वर्षांची नोकरी पाहून बडतर्फीऐवजी सक्तीची निवृत्ती दिली. गुन्ह्याला हलके न मानता माणसाकडे बघता येते, ते असे.

सरपंच, पोलीस पाटलांना विनंती

अर्जासोबत जोडायला लोक आपल्याकडे दाखला मागतात. भाऊबंदकी असते, निवडणूक असते, नाही म्हणवत नाही. आणि मग कागदावर उतरते, 'सदर इसम निर्व्यसनी असून...' सारा गाव हसतो! असा दाखला उघडा पडला की त्या गावाच्या पुढच्या खऱ्या दाखल्यालाही किंमत राहत नाही. त्यापेक्षा ठाऊक आहे तेवढेच लिहा. घरात खाणारी तोंडे किती, दुसरा कुणी गाडी चालवणारा आहे का, बंदीनंतर हा माणूस गाडीवर दिसला का. खरे लिहिलेल्या चार ओळी कोर्टात जास्त बोलतात.

"पोटावर पाय येतो" हे म्हणणे खोटे नाही. पण रात्रपाळीची वीज म्हणून अंधारात पाण्याची बारी द्यायला निघालेला शेतकरी, कापूस वेचून रस्त्याच्या कडेने परतणाऱ्या बाया, यांनाही पोट आहे. भरीत पार्टीहून किंवा हळदीहून झुलत निघालेली गाडी त्यांच्याच अंगावर जाते. तेही आपलेच गाववाले. म्हणून किमान ६ महिन्यांची बंदी मला जाचक वाटत नाही. त्यापुढची मुदत मात्र माणूस बघून ठरावी.

लग्नसराईत चार जण एका गाडीतून निघालात, तर चाव्या न पिणाऱ्याच्या हाती द्या. तसा कुणीच नसेल तर रात्र मांडवात काढा. सकाळी कुणी हसले तर हसू द्या. सहा महिने बांधावर उभे राहून दुसऱ्याच्या ट्रॅक्टरची वाट बघण्यापेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडते.