आठ युद्धनौकांचा हट्ट

1909 साली ब्रिटिश नौदलाने सहा ड्रेडनॉट युद्धनौका मागितल्या. अर्थमंत्री लॉइड जॉर्ज आणि त्यांचे सहकारी चर्चिल यांचे म्हणणे होते, चार पुरेत. वर्तमानपत्रांनी आणि जाहीर सभांनी मात्र आठांसाठी गदारोळ केला, आणि अखेर आठ मंजूर झाल्या. पहिल्या महायुद्धाची मुळे शोधताना आम्हाला युद्धाची ठिणगी ठरलेल्या साराजेव्होच्या गोळीपेक्षा हा प्रसंग अधिक बोलका वाटतो.

जर्मनीतही तेच चालले होते. ॲडमिरल टिर्पिट्झ यांच्या आरमाराला 1898 आणि 1900 च्या कायद्यांनी पैसा मिळाला, नेव्ही लीगने लाखो सभासद जमवले. वसाहतींत ब्रिटनइतका मान आपल्यालाही हवा, ही भावना शाळेपासून संसदेपर्यंत पोचली. 1912 मध्ये ब्रिटिश मंत्री हाल्डेन बर्लिनला गेले. जर्मनीला युद्धात ब्रिटनच्या तटस्थतेची हमी हवी होती, ब्रिटनला आरमाराला आवर हवा होता. बोलणी फिसकटली. चार पावले मागे येणारा मंत्री मायदेशी भित्रा ठरला असता. लोकांच्या अभिमानाला असे पेटवले, की तडजोडीची वाट राज्यकर्ते स्वतःच बंद करतात.

युद्ध पेटल्यावर या अभिमानाची किंमत दूरवर मोजली गेली. जर्मनीच्या बाजूने लढणाऱ्या तुर्कांनी मेसोपोटेमियातील कुतला घातलेल्या वेढ्यात ब्रिटिश हिंदी सैन्याची पुणे डिव्हिजन अडकली. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. एप्रिल 1916 मध्ये उपासमारीने खंगलेल्या त्या सैन्याला शरण जावे लागले. या साम्राज्यांच्या भांडणात त्या शिपायांचे मत कुणी विचारले नव्हते.